वेगाची गणितं तोंडी पटापट कशी करायची?

रत्नागिरीची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसतेय. पेपरला 90 मिनिटं नि 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. वेग-वेळ-अंतर आलं की ही ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला कागदावर 5/18 ने गुणत बसते, उत्तर बरोबर येतं पण वेळ सगळा त्यातच जातो. तिला कळेल अशी तोंडी रीत आहे का काही?

राजापूरचे_मास्तर
ताई, आधी तिला तासाचा वेग मिनिटावर आणायला सांगा. ताशी 60 म्हणजे मिनिटाला 1 किलोमीटर, एवढं पक्कं झालं की 45 म्हणजे पाऊण, 75 म्हणजे सव्वा, 90 म्हणजे दीड. आमच्या लहानपणी पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाऊणपट, सव्वापट, दीडपटीचे पाढे, रोज संध्याकाळी म्हणून घ्यायचे, ते वेगाच्या गणिताला अगदी चपखल बसतात आणि शाळांनी ते सोडले याचं मला फार वाईट वाटतं. ताशी 75 ने 24 मिनिटं? 24 ची सव्वापट, म्हणजे 24 अधिक पाव भाग 6, 30 किमी. ताशी 45 ने 16 मिनिटं? 16 मधून पाव गेला, 12. झालं.

कणकवली_पॅसेंजर
मास्तरांशी सहमत. सेकंदात विचारलं तर गुणाकार नको, ताशी 18 किमीला सेकंदाला 5 मीटर धरायचं, मग 36 ला 10, 54 ला 15, 72 ला 20, 90 ला 25 मीटर. आपल्या कोकण रेल्वेवरच करून बघू दे तिला, उक्षी-भोकेमधला करबुड्याचा बोगदा साधारण साडेसहा किमी, इंजिन ताशी 90 ने आत शिरलं तर 6500 भागिले 25, 260 सेकंद, म्हणजे 4 मिनिटं 20 सेकंदांनी पलीकडे बाहेर. पावसाळी टाइमटेबलात गाडी हळू असते, समजा 75 ने गेली, वेग 5/6 झाला की वेळ 6/5 होतो, म्हणजे 312 सेकंद, परत पहिल्यापासून भागाकार करायचा नाही. आणि अख्खी गाडी पार व्हायची तर गाडीची लांबी पण मिळवायची हां, पोरं नेमकी तिथेच फसतात. पानवलचा पूल 424 मीटर, गाडी 476 मीटर धरली तर ताशी 90 ने 900 भागिले 25, 36 सेकंद.

दापोली_सायकल
सरासरी वेग पण बघा. जाताना 40, येताना त्याच रस्त्याने 60, तर सरासरी 50 नाही, 48. अंतर 120 धरा, 3 तास नि 2 तास, 240 भागिले 5.

रत्नागिरीची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे! मास्तर, 50 नि 70 आले तर? ते पाव-पाऊणमध्ये बसत नाहीत ना.

राजापूरचे_मास्तर
तिथे सहावा भाग घ्यायचा. ताशी 50 असेल तर मिनिटांतून सहावा भाग वजा, 70 असेल तर मिळवा. 42 मिनिटांचा सहावा भाग 7, म्हणून 50 ने 35 किमी, 70 ने 49. आठवडाभर रोज दहा-दहा गणितं तोंडी विचारा, कागद पेन्सिल हातात देऊ नका.