पालाऊ, काव्हा आणि कासाल्स: तिन्ही एकाच सहलीत बसवावं का?

मूळ मुद्दा

स्पेनमधल्या कातालोनियाला जाणारे बहुतेकजण बार्सिलोनात गौदीच्या इमारती बघतात, वेळ उरला तर एखादी वाइनरी करतात आणि संगीत राहूनच जातं. माझं मत असं की पालाऊ दे ला मुसिका कातालाना हे संगीतगृह, पेनेदेस या वाइनच्या मुलखातली काव्हाची (तिथल्या फेसाळ वाइनची) तळघरं आणि चेलोवादक पाउ कासाल्सचं घर या तिन्ही गोष्टी सलग बघाव्यात. आर-4 ही लोकल बार्सिलोनाहून सांत सादुर्नी द'आनोया, व्हिलाफ्रांका आणि पुढे एल व्हेंद्रेलला जाते. म्हणजे वाइन चाखून गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही.

पालाऊ वास्तुकार लुईस दोमेनेक इ मोंतानेरने 1905 ते 1908 या काळात बांधला. छतातून रंगीत काचेचा उलटा घुमट सभागृहात उतरलाय, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीही काचेच्याच आहेत. ही इमारत दिवसाच्या उजेडासाठी बांधलेली आहे. हिवाळ्यात फक्त रात्रीच्या मैफलीचं तिकीट काढलंत तर गाणं मिळेल, इमारत निम्मी हुकेल. सकाळी वेगळी फेरी घ्याच.

शोधताना एक चूक हमखास होते. पालाऊची शैली, तिथला 'मॉडर्निस्मे', म्हणजे आपल्या ओळखीचा मॉडर्निझम नव्हे. वास्तुकार मीस व्हान डेर रोहचा बार्सिलोनातला 1929चा जर्मन पॅव्हिलियन सपाट, बिननक्षीचा आहे. मॉडर्निस्मे म्हणजे वीट, मोझेक, घडीव लोखंड आणि फुलंपानं.

प्रतिसाद १

असहमत. ही सहल फक्त श्रीमंतांच्या दारावरून जाते. सांत सादुर्नीतली कोदोर्न्यू ही काव्हाची वाइनरी सुंदर आहे, पण ती एका धनाढ्य घराण्याने उभारलेली. वाइनच्या मुलखाची खरी गोष्ट सहकारी तळघरांमध्ये आहे.

तिथे 'राबासा मोर्ता' नावाची खंडाची पद्धत होती. वेल जगेल तोवर जमीन कुळाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने वेली मारल्या आणि त्याबरोबर करारही संपले. अमेरिकन खुंटावर कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण त्यावरचा वेल आधीसारखा दीर्घायुषी नसतो, म्हणून मालक आणि कुळांचं भांडण चिघळतच गेलं. छोट्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि त्यांच्यासाठी वास्तुकार सेझार मार्तिनेलने गांदेसा, पिनेल दे ब्राई इथे विटांची तळघरं बांधली.

गांदेसाचं कमानदार छप्पर नीट बघा. पातळ विटा आडव्या टाकायच्या, पहिला थर लवकर आवळणाऱ्या जिप्समने जोडायचा, त्यामुळे सेंटरिंग जवळजवळ लागतच नाही. दुसरा थर सांधे मोडून, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये. जिप्सम ओलीत टिकत नाही, म्हणून सगळे थर त्यात करून चालत नाही. कमी पैशात मोठा गाळा झाकायचा हा उपाय आहे, शोभा नंतरची.

मूळ धागा, उत्तर

कुळांचा मुद्दा मान्य, माझ्या आराखड्यात तो नव्हता. पण श्रीमंत आणि शेतकरी यांच्यातली रेघ इतकी सरळ नाही. कोदोर्न्यूचा वास्तुकार पुच इ कादाफाल्क 1917 मध्ये मांकोमुनितातचा, म्हणजे तेव्हाच्या प्रादेशिक सरकारचा, अध्यक्ष झाला. मार्तिनेलची तळघरं त्याच काळात उभी राहिली. पालाऊ तर ओर्फेओ काताला या गायकवृंदाचं घर आहे. कासाल्सने 1920 मध्ये स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि पुढे कामगारांना मैफली परवडाव्यात म्हणून वेगळी संस्थाही उभी केली. शिवाय गांदेसा आणि पिनेल दे ब्राई थेट एब्रो नदीच्या बाजूला आहेत. गाडीशिवाय तिकडे पोचणं कठीण.

प्रतिसाद २

वाद बाजूला ठेवून क्रमाचं बोलतो, कारण क्रम चुकला तर दिवस वाया जातो. सकाळी काव्हा आणि दुपारी कासाल्स असं करू नका. तीन-चार पेले पोटात गेल्यावर बाखच्या चेलोच्या रचना कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. आधी थेट एल व्हेंद्रेलला जा. कासाल्सचा जन्म 1876 मध्ये त्याच गावात झाला. त्याचं समुद्रकाठचं घर मात्र सांत साल्वादोरला, गावापासून काही किलोमीटरवर आहे. स्टेशनवरून चालत पोचू असं धरून लोक फसतात. परतताना सांत सादुर्नीला उतरा. सोमवार टाळा, आणि रविवारी दुपारी दोननंतर अनेक संग्रहालयं बंद होतात हेही लक्षात ठेवा.

चाखताना तीन पेले पुरेत: साधा काव्हा (बाटलीत किमान 9 महिने), रेझेर्वा (18) आणि ग्रान रेझेर्वा (30). तिन्ही 'ब्रूट नातुरे' मागा. त्यात लिटरला साखर 3 ग्रॅमपेक्षा कमी असते, त्यामुळे यीस्टच्या गाळावर राहिल्याने पडणारा फरक गोडीखाली दबत नाही. आधी सफरचंद आणि लिंबाची चव येते, शेवटच्या पेल्यात भाजलेल्या पावाची. तळघरात ऑगस्टमध्येही गारवा असतो, अंगावर काहीतरी घ्या.

प्रतिसाद ३

तुम्ही सगळे संगीत संग्रहालयात शोधताय. व्हिलाफ्रांकात 30 ऑगस्टला, सांत फेलिक्सच्या दिवशी, माणसांचे मनोरे रचतात. सोबत ग्राल्या हे सनईच्या जातीचं कर्कश वाद्य आणि ढोल असतो. ते वाजवणं करमणुकीसाठी नाही. पायथ्याशी दाटलेल्या माणसांना वर काय चाललंय ते दिसत नाही, थर कुठवर गेले हे त्यांना सुरांवरून कळतं. टोकावरच्या पोराने हात उंचावला की चाल बदलते, मग उतरायला सुरुवात. न कोसळता उतरला तरच मनोरा पूर्ण धरतात. हे वगळून पेनेदेसचा संगीत वारसा बघितला असं म्हणू नये.

प्रतिसाद १, पुन्हा

हे एकदम पटलं. गाडीच्या अडचणीवरही उत्तर आहे: गांदेसाऐवजी एस्प्लुगा दे फ्रांकोलीला जा, तिथे रेल्वे स्टेशन आहे. तिथलं 1913चं सहकारी तळघर पेरे दोमेनेक इ रौरा याचं, म्हणजे पालाऊ बांधणाऱ्याच्याच मुलाचं. पण त्याला पूर्ण वेगळा दिवस द्या, सांत सादुर्नीच्या दिवसात ते कोंबू नका.