आदिवासी वकील संघटना: सचिवपदासाठी तयारी काय करावी?

प्रश्न: गडचिरोली जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करते. आमच्या संघटनेत सचिवपदासाठी उभं राहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: ताई, आधी संघटनेच्या घटनेची (नियमावलीची) प्रत अन् मतदार यादी हाती घ्या. संघटना १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल तर कलम १५ बघा: ३ महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली की मत देता येत नाही. तुमची अन् सूचक-अनुमोदकाचीही पावती सोबत ठेवा. बहुतेक वाद इथूनच पेटतात.

उत्तर २: निवडून आल्यावर खरी अडचण. बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करायचा अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांत द्यावा लागतो. सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव यातलं एक जरी नसलं तरी हरकत येते. नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. घटनेत जी रीत असेल तीच पाळा.

उत्तर ३: रोवणीच्या दिवसांत सभा नको, गणपूर्ती होणार नाही. मतं मागताना काम सांगा. वनहक्क दाव्यात ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवसच असतात. मुदत हुकू नये म्हणून नव्या वकिलांचं शिबिर घ्या, गोंडी-माडिया बोलणारे जोडीला द्या.

प्रश्नकर्ती: पावत्या उद्याच तपासते, भाऊ.