यादवी युद्ध कशावरून झालं? पोरांना तयार उत्तर द्यायचं का?

खडूफळा: काल इथे एकाने सल्ला दिलाय: अमेरिकेतलं यादवी युद्ध कशावरून झालं असं विद्यार्थ्याने विचारलं, तर 'राज्यांच्या हक्कांवरून' लिहून मोकळं व्हावं, मार्क मिळतात. डोकंच फिरलं. हक्क कसले? दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटताना कारणं जाहीर केली, त्यात दुसऱ्याच वाक्यात गुलामगिरी आहे. आणि पळालेले गुलाम पकडून परत देण्याचा १८५० चा कायदा केंद्राचाच होता, उत्तरेतल्या राज्यांच्या उरावर बसवलेला. तेव्हा दक्षिणेला राज्यांचे हक्क आठवले नाहीत! पोरांपुढे हे दोन कागद ठेवा आणि गप्प बसा.

रविवारची_शिकवणी: तो 'एक' मीच. रात्री साडेअकराला मेसेज येतो, "सर, उद्या पेपर आहे." त्याला मिसिसिपी वाचायला बसवू? तुम्ही पगारी दिसता. आम्ही फुकट उत्तरं देतो, वर शिव्याही खातो.

खडूफळा: फुकट दिलं म्हणून चुकीचं द्यायचं?

एडिसनकर: इथे अमेरिकेत वेगळीच तऱ्हा. लेकीने लिहिलं की लिंकनच्या १८६३ च्या गुलाममुक्तीच्या घोषणेने केंटकी, मेरीलँड, मिसूरी, डेलावेअरमधले गुलाम सुटले नाहीत. ती फक्त बंडखोर भागांपुरती होती आणि देशभराची बंदी १८६५ च्या घटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने आली. बाईंचा शेरा: "विषयाला सोडून." मार्क कापले. द्या आता कागद!

गाईडविरोधी: इतिहासाचं सोडा, एमएच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरला पोरं मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' न उघडता गाईडवर पास होतात. विचारतात काय, तर "सर, कादंबरी वर्णद्वेषी आहे का, हो की नाही?" अरे, पळालेल्या गुलाम जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र नायक हक फाडतो, नरकात जायची तयारी ठेवून. ते पान वाच आधी!

वाचनवेडी: आणि त्या पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा आलेली काळ्यांसाठीची शिवी? तीही वर्गात मोठ्याने वाचायची?

गाईडविरोधी: वाचायची. शिवी गाळली की हक कशातून बाहेर येतो तेच कळत नाही. तुमच्यासारख्यांमुळे उद्या सगळं साहित्य धुऊन वाळत घालावं लागेल.

भीमनगर_८८: दादा, जातिवाचक शब्द असलेला उतारा वर्गात वाचला जातो तेव्हा माना कुणाकडे वळतात, मला विचारा. आमच्या सरांनी तो मलाच वाचायला लावला होता. पुस्तक शिकवा, पण मोठ्याने कोण वाचणार हे आधी ठरवा.

गाईडविरोधी: ... ठीक. मोठ्याने नको. पण गाळायचं नाही म्हणजे नाही.

भीमनगर_८८: गाळा म्हणालं कोण? आणि मूळ प्रश्नाचं म्हणाल तर फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली ते त्या पोराला सांगा. गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. 'राज्यांचे हक्क' मिळवून देणाऱ्यांना नव्हे.

एडिसनकर: पुढचंही सांगा मग. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राच्या सैन्याचा पहारा उठला आणि काळ्यांचा मताधिकार पद्धतशीर काढून घेतला गेला. १९६५ चा मताधिकाराचा कायदा येईपर्यंत हेच.

रविवारची_शिकवणी: झालं! दोन ओळींच्या प्रश्नाला शंभर वर्षं. बरं बाबांनो, 'राज्यांचे हक्क' खोडतो, मिसिसिपीची लिंकही चिकटवतो. साडेअकराला ती कोण उघडतं, ते बघू.

वाचनवेडी: पण एमएच्या वर्गात शेवटी वाचणार कोण? गाईडविरोधी, पळू नका.