कणकवली ते नेवार्क: तिकिटाचा हिशेब जुळेना

निवृत्त_कंडक्टर:
नमस्कार मंडळी. एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, कधी चुकलं नाही, पण लेकीने पाठवलेल्या विमानाच्या तिकिटापुढे हात टेकले. 12 मे, मुंबईहून रात्री 1 ला सुटतं आणि अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला त्याच सकाळी 7.30 ला. म्हणजे साडेसहा तास? परतताना सकाळी 11.30 ला सुटून दुसऱ्या दिवशी 11.30 ला मुंबई, म्हणजे बरोबर चोवीस! अंतर तेवढंच, साधारण 12,500 किलोमीटर. आमच्या सहा किलोमीटरच्या टप्प्याने दोन हजारांवर टप्पे झाले. बायको विचारते, मध्ये चहाला कुठे थांबतं? शिवाय नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी येते. जावई म्हणतात उत्तरेकडून जातं.

घड्याळवाला:
काका, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. मे महिन्यात नेवार्क आपल्या साडेनऊ तास मागे. जाताना साडेसहात साडेनऊ मिळवा: सोळा तास. येताना चोवीसातून तेवढेच वजा करा: साडेचौदा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा.

देवबागचो_पागी:
सोळा नि साडेचौदा, ह्यातलो उरलेलो दीड तास वाऱ्याचो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडसून पूर्वेक जोराचो वारो व्हावता. जाताना तो तोंडार, येताना पाठीक. होडी हाकतल्याक ह्या काय नवीन सांगूक नको. वाटेचा म्हणशात तर एक शहाळा घेवा, मुंबई नि नेवार्क अशे दोन ठिपके काढा नि दोरो ताणून धरा. दोरो आपोआप वरच्या अंगाक सरकता. सपाट नकाशार पट्टी फसवता.

मुलुंडचा_चाकरमानी:
वाऱ्याचं राहू द्या, तारीख बघा! 12 तारखेचा रात्री 1 म्हणजे 11 ची रात्र उलटल्यावरचा 1. तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे 11 ला रात्री दहापर्यंत विमानतळावर. 10 ला रात्री कोकणकन्या एक्स्प्रेस पकडा, पहाटे ठाण्याला उतरून कुणा नातेवाइकाकडे दिवसभर पाठ टेका. माझे मामा याच घोळात एक दिवस उशिरा आले होते, घरी आजही त्यावरून चिडवतात. ऑगस्टमध्ये परत येणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात. आणि हापूस नेऊ नका. सामानातून ताजा आंबा तिकडे नेऊ देत नाहीत.

निवृत्त_कंडक्टर:
सगळ्यांचे आभार. शहाळं नव्हतं, सोललेल्या नारळावर दोरा ताणला, पटलं. मुलुंडकर, तुम्ही तर वाचवलंत, मी 11 च्या कोकणकन्येचं आरक्षण काढून बसलोय. उद्या सकाळीच स्टेशनवर जातो. हापूसच्या दोन पेट्या मात्र पेंढा घालून तयार आहेत, ते घरात कसं सांगायचं तेवढं सुचवा.