रत्नागिरीत दोन दिवस, आईला काय काय दाखवू?

मेघना_नागपूर
नमस्कार. दिवाळीनंतर आईला घेऊन रत्नागिरीला येतेय. वय ७२, गुडघे दुखतात, पण वाचन दांडगं. ती म्हणते, "समुद्र बघेनच, पण त्या गावातली माणसं कुठे राहिली ते मला दाखव." टिळकांचं घर माहीत आहे. आणखी काय? चढण कमी असेल तर बरं.

सड्यावरचा
मेघनाताई, आईंचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझा जन्म इथलाच. लोक येतात ते थेट गणपतीपुळ्याला जातात, गाव बघायचं राहूनच जातं.

टिळक आळीतलं ते कौलारू घर बघाच. २३ जुलै १८५६चा जन्म, आणि दहाव्या वर्षी बाळ पुण्याला गेला. तिथे अर्धा तास पुरे.

खरा वेळ ठेवा थिबा राजासाठी. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. इथे तीस वर्षं काढली त्याने. आपण जो थिबा पॅलेस बघायला जातो तो बांधून झाला १९१० साली, म्हणजे त्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६च्या डिसेंबरात गेला. अर्धगोल कोरीव लाकडी खिडक्यांसमोर जरा थांबा. शेजारच्या थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी आणि काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. रोज तेच पाणी बघत माणूस म्हातारा झाला असेल, हे मनात आलं की माझ्या पोटात कालवतं. वाड्यात संग्रहालय आहे, सोमवार टाळा.

पण माझं आग्रहाचं सांगणं वेगळंच आहे. पॅलेस बघून परतू नका, शिवाजीनगरात राजाची समाधी आहे तिथे जा. राणी सुपायालातला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, इंग्रजांनी परवानगी दिली नाही. शेवटी १९१९ मध्ये इथेच पुरला. शेजारी धाकट्या राणीची समाधी. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले. एरवी कोणी फिरकत नाही. राजाची नात टुटू तर इथेच वाढली, मराठीच बोलायची, २००० साली इथेच वारली. आम्हाला तो राजा परका वाटत नाही तो तिच्यामुळे.

गिरगावकर_६८
वरच्या प्रतिसादात पतितपावन मंदिर राहिलं. सावरकरांना १९२४ ते ३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केलं होतं, राजकारण करायचं नाही या अटीवर. त्याच काळात, १९३१ मध्ये, सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं. पैसा दिला भागोजीशेठ कीरांनी. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीला ज्यांचं नाव आहे तेच. आम्ही मुंबईकर ते नाव फक्त तिथे, वाईट वेळी वाचतो.

सड्यावरचा
अगदी बरोबर, मीच लिहायला हवं होतं. भागोजीशेठ रत्नागिरीचेच, गरीब भंडारी घरातले. मुंबईत कंत्राटदार म्हणून मोठे झाले आणि पैसा गावाकडे आणला. रत्नदुर्गाजवळचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच. थिबा आणि सावरकर इथे पाठवलेले, भागोजीशेठ इथून गेलेले. मला हे तिघे एकत्रच आठवतात.

मेघना_नागपूर
काका, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. टुटूचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली समाधीवर फुलं न्यायची. मिळतील का जवळ?

सड्यावरचा
बाजारातूनच घेऊन जा, तिथे दुकान नाही. पहिल्या दिवशी सकाळी टिळक आळी आणि पतितपावन, ऊन कललं की पॅलेस, तिथून समाधी. रत्नदुर्गाला पायऱ्या आहेत, तो आईंच्या गुडघ्यांसाठी सोडा. दुसऱ्या दिवशी गाडी करून मालगुंडला जा, केशवसुतांचं जन्मघर आहे, पुळ्याच्या अगदी जवळ. वाचणाऱ्या माणसाला तिथून लवकर निघवत नाही.

रिक्षावाल्याला नुसतं "थिबा" म्हणू नका, तो पॅलेसलाच नेईल. "थिबा राजाची समाधी, शिवाजीनगर" असं सांगा.