मोकळ्या रानातली डुकरं: छोट्या शेतकऱ्याने पाळावीत का?

सिमरोलचा मळा
इंदूरहून खंडवा रोडने गेलं की सिमरोलच्या अलीकडे आमची नऊ बिघे जमीन आहे. भाऊ-वहिनी मळ्यात राहतात, मी शहरात नोकरी करतो आणि रविवारी तिकडे जातो. खरिपाला सोयाबीन, रब्बीला गहू, आणि दोन बिघ्यांत आजोबांनी लावलेले पेरू. गेल्या दिवाळीनंतर त्या बागेत आम्ही डुकरांची सहा संकरित यॉर्कशायर पिल्लं सोडली. गोठा बांधला नाही. बागेचे पाच तुकडे केले. वीतभर उंचीवर एक आणि गुडघ्याशी एक अशा झटका मशीनच्या, म्हणजे शिवलं की विजेचा झटका देणाऱ्या, दोन तारा ओढल्या. दर आठ-दहा दिवसांनी कळप पुढच्या तुकड्यात जातो.

माझं मत स्पष्ट आहे. डुकरं पाळायचीच असतील तर घरच्या शेतावर, अशीच पाळावीत. सिमेंटच्या खोलीत कोंडलेली डुकरं कंटाळतात आणि एकमेकांच्या शेपट्या चावतात. मोकळं जनावर दिवसभर मुसकटाने माती उकरत असतं, तोच त्याचा स्वभाव. डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून कोंडलेल्या पिल्लांना पहिल्या तीन-चार दिवसांत लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. मोकळ्यावर जन्मलेलं पिल्लू त्यातलं बरंचसं मातीतूनच मिळवतं. शिवाय झाडाखाली सडणारे, अळ्या पडलेले पेरू आमच्या डुकरांनी वेचून खाल्ले. पूर्वी ते टोपल्या भरून खड्ड्यात पुरावे लागत.

घरात यावरून बरंच झालं. आई चार महिने मळ्यात आली नाही. ‘घाण खाणारा प्राणी’ एवढं एकच वाक्य सगळ्या नातेवाइकांकडून ऐकलं. पण आपण जे पुढे टाकतो तेच तो खातो ना? विरोध असेल तर या ऑनलाइन धाग्यावर खाली जरूर लिहा, फक्त कारण द्या.

काळी माती
माझा विरोध आहे आणि कारण जमिनीचं आहे. तुमची बाग उताराची, मुरमाड असेल. आमच्या देपालपूरकडची काळी जमीन बघा. जुलैत पाऊस लागला की माणसाचा पाय पोटरीपर्यंत रुततो. त्यात ऐंशी-नव्वद किलोचं जनावर चार दिवस फिरलं तर मातीचा लगदा होतो, आणि तो वाळला की वीट. त्यात पुढे गहू काय उगवणार? पेरूच्या बारीक मुळ्या वरच्या थरातच असतात, त्या उकरल्या गेल्या तर झाड बसतं. ते एका वर्षात दिसत नाही, तीन वर्षांनी दिसतं.

दुसरं, कुंपण. रानडुकरांपायी आम्ही आधीच शेंगा भरताना रात्र-रात्र जागतो. त्यात शेजाऱ्याची पाळलेली डुकरं एकदा तार ओलांडून सोयाबीनमध्ये शिरली तर भांडण सात पिढ्या चालेल. वीज गेली की झटका मशीनची बॅटरी किती वेळ टिकते?

महूचा पशुवैद्य
मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता खासगी काम करतो. डुकरं कोंडावीत असं मी म्हणत नाही. पण रानात मोकळी सोडायला माझा विरोध आहे.

आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये आला आणि २०२२ साली आपल्याच राज्यात रीवापर्यंत पोचला. माणसाला तो होत नाही. पण डुकराला झाला तर औषध नाही, आणि आपल्याकडच्या पाळणाऱ्याला मिळेल अशी लसही नाही. बहुतेक कळप संपतो. रोग पक्का झाला की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात, धडधाकट असली तरी. सिमरोलला जंगल लागून आहे आणि रानडुकरांनाही हाच रोग होतो. दोन तारांच्या कुंपणातून तुमचं डुक्कर आणि रानडुक्कर नाकाला नाक लावू शकतात. तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट फीतकृमीची, आणि ही माणसांची आहे. शेतात उघड्यावर बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात गाठी होतात. ते मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाजीवरून किंवा हातावरून दुसऱ्याच्या पोटात गेली, की गाठी त्याच्या मेंदूत होऊ शकतात आणि फिट येऊ लागतात. म्हणून आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. डुक्कर या साखळीतली एक कडी आहे, सुरुवात माणूस करतो. तुमच्या मळ्यात मजूर कुठे जातात?

आणि तुकडे बदलून जंत जातात ही समजूत सोडा. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पाच तुकड्यांचं चक्र दीड महिन्यात संपतं.

सिमरोलचा मळा
डॉक्टर, मजुरांच्या प्रश्नाने मी गप्प झालो. कापणीला झाबुआकडून माणसं येतात. मळ्यात एक संडास आहे, पण तो घराजवळ, आणि ती मंडळी नाल्याकडे जातात. बागेचा पाचवा तुकडा नाल्यालाच लागून आहे. आज भावाला फोन करून तो बंद करायला सांगितला. बाहेरच्या माणसांसाठी वेगळा संडास कापणीच्या आधी उभा करू. हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं.

पण यातून डुक्कर मोकळं नको असं निघत नाही. आधी कुंपण नीट हवं आणि संडास हवा, एवढंच निघतं. बंद खोलीतल्या डुकरांनाही लोक उष्टं आणून घालतातच, रोग तिथूनही शिरतो.

महूचा पशुवैद्य
उष्ट्याबद्दल बरोबर बोललात. न उकळलेल्या उष्ट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा आला तर स्वाइन फीवर घरपोच येतो. इंदूरकरांना आणखी एक सांगतो: शेव, फरसाण, लोणचं यांचा उरलेला माल डुकरांना घालू नका. मीठ जास्त आणि पाणी कमी पडलं की डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीवर आपटतं, झटके येतात आणि मरतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

हिशेबाची वही
सगळे रोगावर बोलताहेत, मी पैशावर बोलतो. डुकराचं पोट बकरीसारखं नाही. नुसत्या चाऱ्यावर ते वाढत नाही. बरसीम, पेरू, रताळ्याचा वेल हे तोंडी लावणं. एक किलो वजन वाढायला साडेतीन किलोच्या आसपास खाद्य लागतं. मका आणि सोयाबीनची खली (पेंड) मिळून २५ रुपये किलो धरा, म्हणजे वाढलेल्या प्रत्येक किलोमागे साडेसत्याऐंशी रुपये नुसते खाद्याचे. मोकळं फिरणारं जनावर चालण्यात ताकद घालवतं, म्हणजे आणखी जास्त. घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चं भरडून घालाल तर वाढ खुंटेल, ते भाजूनच घालावं लागतं.

आणि विकणार कुठे? इंदुरात गिऱ्हाईक मोजकं. मोठी मागणी ईशान्येत, पण तिकडे रोग उफाळला की बाहेरची डुकरं घ्यायला बंदी येते. सरकारी योजनेत शंभर माद्या आणि दहा नरांच्या प्रकल्पाला निम्मा खर्च, ३० लाखांपर्यंत मिळतो. सहा डुकरांना काय मिळणार? २०१२ च्या पशुगणनेत देशात एक कोटीवर डुकरं होती, २०१९ मध्ये ९० लाख उरली. धंदा सोपा असता तर लोकांनी सोडला असता का?

आजीची नात
मी हा सगळा धागा वाचला आणि मन भरून आलं म्हणून लिहिते. आम्ही कैकाडी. माझी आजी इंदुरातच वस्तीमागे डुकरं पाळायची. कोणती मादी कधी व्यायची ते ती बोटांवर सांगे: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका डुकरिणीच्या पैशांवर माझ्या आत्याचं लग्न झालं. शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, त्याचा मलाही अभिमान आहे. रस्त्यावर डुकरं नकोतच. पण रस्त्यावरची डुकरं गेली तेव्हा आमच्या वस्तीतली मिळकतही गेली, त्यावर असा धागा कुणी काढला नव्हता.

मळेवाले दादा, तुमच्या आईने चार महिने मळ्यात पाऊल ठेवलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं. आमच्या हातचं पाणी कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या प्यायलं नाही, याच जनावरापायी. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतं. पण नऊ बिघे असलेल्याने डुक्कर पाळलं की ते नवं शेतीतंत्र, आणि जमीन नसलेल्याने पाळलं की घाण, हे बोलल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. मोकळ्या रानात पाळायला आधी रान लागतं.

आणि हिशेबाच्या वहीला उत्तर: लोकांनी धंदा सोडला तो नुसत्या तोट्यापायी नाही. मुलांना शाळेत नावं ठेवतात म्हणूनही सोडला. माझ्या बाबांनी त्यासाठीच सोडला.

ग्वाल्हेरकर
उन्हाचं कुणीच बोललं नाही. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. पांढऱ्या जातीची कातडी उन्हाने भाजते. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. पहिल्या वर्षी मी मोकळ्यावर ठेवली आणि एका दुपारी दोन गेली. आता लोळायला चिखलाचा खड्डा, त्यावर गवताचं छप्पर आणि दिवसभर पाणी. एवढं जमत नसेल तर पाळू नका.

सिमरोलचा मळा
ताई, तुमचं लिहिणं भावाला आणि आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तुमच्या आजी आहेत का, असं तिने विचारलं. मी ‘माहीत नाही’ म्हणालो. असल्या तर त्यांना मळा दाखवायला आणाल का? आमची एक मादी गाभण आहे आणि आम्हा तिघांपैकी कुणी डुकरीण विताना पाहिलेली नाही.

हिशेबवाल्यांचं मान्य करतो की यातून घर चालणार नाही. आमच्यासाठी ते पेरू आणि गव्हाच्या जोडीचं तिसरं पीक आहे, तेवढंच राहील. रानडुकरांसाठी तारेच्या बाहेर सहा फुटांवर जाळीचं दुसरं कुंपण घालतोय. पावसाळ्यात कळप बागेत राहणार नाही. उंचवट्यावर गव्हाच्या काडाचा जाड थर टाकून छपराखाली ठेवू आणि दसऱ्यानंतर परत सोडू. काळी मातीवाल्या काकांचं एवढं ऐकलं.

आजीची नात
आजी आहे. ऐंशीच्या पुढची, पण बसने येईल म्हणते. मादी विण्याच्या आधी काड तोंडात धरून घर करायला लागली की कळवा, असा तिचा निरोप आहे. त्या वेळी तिच्याजवळ गर्दी करू नका, आणि ती एकटी राहील अशी जागा आत्ताच वेगळी करा.

काळी माती
पावसात आत घेणार असाल तर निम्मा आक्षेप गेला. झाडांच्या मुळ्यांबद्दल मात्र माझा विरोध तसाच आहे. दसऱ्यानंतर मी सिमरोलला येतो. डुकरं फिरलेल्या तुकड्यातलं एक झाड आणि न फिरलेल्या तुकड्यातलं एक, दोन्हींच्या बुडाशी वीतभर खणून मुळ्या बघू. कुदळ माझी आणतो.