नाव अमाइनचं, गोत्र वेगळंच

एकाने लिहिलंय की सगळी जीवनसत्त्वं अमाइन (नायट्रोजन असलेली संयुगं) गटातली, म्हणून व्हिटॅमिन, म्हणजे 'व्हिटा' (जीवन) अधिक अमाइन. १९१२ साली जीवरसायनशास्त्रज्ञ कॅसिमिर फुंक यांनी नाव सुचवलं ते याच समजुतीवर. ब१ला ते लागू पडतं, पण आपल्या संत्र्यातल्या क जीवनसत्त्वात नायट्रोजनचा एक अणूसुद्धा नाही! ते साखरेच्या घराण्यातलं.

ड तर कोलेस्टेरॉलचं भाऊबंद. त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर उन्हातले अतिनील-ब (यूव्ही-बी) किरण पडले की ते तयार होऊ लागतं. मग यकृतात एक आणि मूत्रपिंडात एक असे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) त्याला चिकटतात. तेव्हा कुठे ते आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं. कामाने हार्मोनच म्हणा ना.

राहिला प्रश्न, "नागपुरात एवढं ऊन, तरी डची कमतरता कशी?" अहो, मे महिन्यात ४५ अंशाला उन्हात बसतं कोण? दिवसभर कूलरसमोर, बाहेर पडलं की डोक्यापासून बोटांपर्यंत दुपट्टा. माझाच रिपोर्ट कमी आला तेव्हा मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं, रोज सकाळी बंद खिडकीशी उन्हात पेपर वाचतो म्हणून. नेमके ते अतिनील-ब किरणच काच अडवते, हे तेव्हा कळलं.